क्रिएटिनिन वाढलं, की स्नायू वाढले? चालण्याफिरण्याचा आणि किडनीचा संबंध

मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक किडनी दिन असतो. २००६ पासून तो पाळला जातो, आणि हल्ली त्या आठवड्यात लॅबवाल्यांची ‘किडनी पॅकेजं’ निम्म्या दरात निघतात. त्या सवलतीला भुलून आमच्या घरातल्या दोघांनी एकाच दिवशी रक्त दिलं. एक माझा पुतण्या, वय २६, रोज संध्याकाळी न चुकता जिम, आणि दंड दिसावेत म्हणून थंडीतही बिनबाह्यांचा बनियन. दुसरी माझी काकू, वय ७४, बीपीची गोळी चालू, गुडघे दुखतात म्हणून जिना बंद, अंगानं अगदी काडी.

पुतण्याचं क्रिएटिनिन १.४ आलं आणि आकड्यापुढे ठळक अक्षरांत ‘जास्त’ असा शेरा. काकूचं १.०, शेरा काही नाही. घरात निकाल लागला: जिमनं पोराची किडनी बिघडवली, काकू ठणठणीत. पुतण्याच्या आईनं त्याच संध्याकाळी जिमची बॅग माळ्यावर टाकली.

खरी परिस्थिती जवळजवळ उलटी होती. ती तशी का, हे समजलं की हालचालीचा आणि किडनीचा संबंधही निम्मा समजतो, कारण या दोघांच्या मधे स्नायू उभे आहेत.

गाळणी नव्हे, दिवाळीची साफसफाई

किडनी म्हणजे गाळणी, असं शाळेत शिकवतात. पण चहाच्या गाळणीत चोथा वर राहतो, चहा खाली येतो आणि काम संपतं. किडनीची रीत दिवाळीच्या साफसफाईची आहे. कपाट आवरायचं तर आधी सगळं बाहेर काढायचं, मग हवं ते एकेक करून पुन्हा लावायचं, आणि उरेल ते भंगारात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून बाहेर काढतात आणि त्यातलं १७८ लिटर परत आत घेतात. उरलेली दीड-दोन लिटर म्हणजे लघवी. रक्तातला पातळ भाग असतो जेमतेम ३ लिटर. म्हणजे तोच तो माल दिवसातून साठ वेळा बाहेर काढून पुन्हा लावला जातो.

दोन्ही किडन्यांचं वजन मिळून तीनशे ग्रॅमच्या आसपास, शरीराच्या अर्धा टक्का. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा एकट्या त्यांच्याकडे जातो, मिनिटाला लिटरभर. प्रत्येक किडनीत सरासरी दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉन म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता आणि त्याला जोडलेली लांब नळी. गुंत्यात माल बाहेर पडतो, नळीत परत घेतला जातो. एकदा मेलेला नेफ्रॉन पुन्हा उगवत नाही.

रिपोर्ट वाचायला तीन शब्द पुरतात. क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या कामातून निघणारा कचरा. किडनी तो बाहेर टाकते, म्हणून रक्तात तो साचला तर किडनी मंदावली असावी, असा तर्क करतात. दुसरा शब्द ईजीएफआर: क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष यावरून काढलेला अंदाज की मिनिटाला किती मिलीलिटर गाळलं जातं. ९० च्या वर उत्तम; तीन महिने ६० च्या खाली राहिला तर दीर्घकालीन किडनीविकार म्हणतात; १५ च्या खाली डायलिसिस आणि प्रत्यारोपणाची भाषा सुरू होते. तिसरा एसीआर: लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन किती गळतंय त्याचं माप. तो ३० च्या आत असावा. गुंत्याची जाळी फाटू लागली की तो आधी वाढतो, क्रिएटिनिन पुष्कळदा नंतर.

आता सूत्रात आकडे घाला. २६ वर्षांचा पुरुष, क्रिएटिनिन १.४: ईजीएफआर सुमारे ७१. ७४ वर्षांची बाई, क्रिएटिनिन १.०: सुमारे ५९. ज्या आकड्यापुढे शेरा नव्हता तोच चिंतेचा निघाला. शिवाय सूत्र माणसाचे स्नायू सरासरी धरून चालतं. पुतण्याचे सरासरीहून बरेच जास्त, म्हणून त्याचा कचराच मुळात जास्त. काकूच्या अंगावर स्नायू उरलेलेच नाहीत, म्हणून तिचा कचरा कमी. तिचा तो ५९ सुद्धा मेहेरबानीचा असू शकतो. कमी स्वयंपाक होणाऱ्या घरात खरकटं कमी निघतं, त्यावरून मोरी तुंबलेली नाही असं म्हणता येत नाही.

हालचाल किडनीपर्यंत पोचते कशी?

दंडाला व्यायाम दिला की दंड भरतो. किडनीला व्यायाम देता येत नाही. ‘किडनी मजबूत करणारी पाच आसनं’ असले व्हिडिओ फिरतात, त्यांत आसनं चांगली असतात, मथळा चुकीचा असतो.

ठिबक सिंचनाचा संच डोळ्यांपुढे आणा. विहिरीवर पंप, मग मुख्य पाइप, त्याला फुटलेल्या बारीक नळ्या आणि हजारो ड्रिपर. ड्रिपर का खराब होतात? पंपाचा दाब भरमसाट असेल तर ते निखळतात. पाणी क्षाराचं किंवा गाळाचं असेल तर तुंबतात. शहाणा शेतकरी एकेक ड्रिपर चोळत बसत नाही. तो दाब मापात ठेवतो आणि पाणी सुधारतो. दोन्ही किडन्यांतले मिळून वीस लाख गुंते म्हणजे हे ड्रिपर. दाब म्हणजे बीपी आणि पाण्यातला दोष म्हणजे साखर. किडनी निकामी होण्याची जगभरची दोन सर्वांत मोठी कारणं हीच, मधुमेह आणि उच्च रक्तदाब. चालण्याफिरण्याचा परिणाम होतो तो या दोन्हींवर.

आधी दाब. ज्यांचा बीपी वाढलेला आहे त्यांनी नियमित दमश्वासाचा व्यायाम केला, म्हणजे भरभर चालणं, सायकल, पोहणं, तर वरचा आकडा साधारण ५ ते ८ नं उतरतो. ही एका सौम्य गोळीएवढी उतरण झाली. कारण रक्तवाहिन्यांचं अस्तर. रक्त जोरात वाहू लागलं की ते अस्तर वाहिनी सैल करणारं द्रव्य सोडतं. रोज सोडायची सवय लागली की वाहिन्या ताठरायचं प्रमाण कमी होतं.

साखरेचं प्रकरण जास्त मजेचं आहे. एरवी रक्तातली साखर स्नायूंत शिरायला इन्सुलिनची किल्ली लागते. मधुमेहात किल्ली कमी पडते किंवा कुलूप गंजतं. पण स्नायू कामाला लागला की तो मागचं दार उघडतो आणि इन्सुलिनची वाट न पाहता साखर आत ओढतो. शिवाय काम थांबल्यावरही दिवसभर, कधी दोन दिवस, पुढच्या दाराचं कुलूप हलकं चालतं. म्हणून मधुमेह्याला ‘सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको’ असं सांगतात. रविवारी एकदम दोन तास चालून हिशेब जमत नाही. आपल्याकडच्या शतपावलीला इथे खरा आधार आहे: जेवण झाल्यावर पाय हलले की साखरेची उसळी ठेंगणी राहते. फक्त मोजून शंभर पावलं म्हणजे मिनिटभराचं काम. दहा-पंधरा मिनिटं तरी हवीत, आणि ती गॅलरीत फोनवर बोलत झाली तरी चालतात.

साखर जास्त असली की गुंत्याकडे जाणारी रक्तवाहिनी रुंदावते आणि आतला दाब आणखी वाढतो. म्हणजे गढूळ पाणी आणि वर व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. मधुमेह आणि बीपी एकत्र असले की किडनी इतक्या झपाट्यानं का ढासळते, ते यातून कळतं. वजन, कोलेस्टेरॉल, शरीरात धुमसणारा दाह यांचाही वाटा आहे, पण मोठे दरवाजे हे दोन.

हे सिद्ध झालंय, की नुसतं पटतंय?

जास्त चालणाऱ्यांच्या किडन्या बऱ्या असतात, हे पुष्कळ पाहण्यांत दिसतं. पण ज्याची तब्येत मुळात बरी तोच जास्त चालतो, हा आक्षेप रास्त आहे. तो टाळायचा तर चिठ्ठ्या टाकून लोकांचे दोन गट करावे लागतात.

अमेरिकेत तसं झालं. घरात बसून असलेल्या सत्तर ते नव्वदीच्या दरम्यानच्या वृद्धांचे दोन गट पाडले. एकाला दोन वर्षं चालणं, ताकदीचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम दिले, दुसऱ्याला आरोग्यावरची व्याख्यानं. त्यातल्या ११९९ जणांच्या किडनीचा हिशेब २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. मोजमाप क्रिएटिनिननं न करता सिस्टाटिन-सी या दुसऱ्या द्रव्यानं केलं होतं, कारण त्यावर स्नायूंची सावली फारशी पडत नाही. व्यायामवाल्यांची किडनी कमी घसरली. किती कमी? दोन वर्षांत सरासरी ०.९६ मिलीलिटरनं.

एवढंच? हो, एवढंच. चाळिशीनंतर वयापरत्वे वर्षाला साधारण एक मिलीलिटर जातोच, त्यातला अर्धा वाचला असं समजा. ज्यांची किडनी आधीच बिघडलेली आहे अशांवरच्या छोट्या चाचण्यांचे निकाल मिसळीसारखे आहेत: कुठे घसरण मंदावली, कुठे नाही. चालून किडनी ‘रिव्हर्स’ होते असं कुणी सांगितलं तर त्याच्या हातात विकायला काय आहे ते आधी बघावं.

मग चालायचं कशाला? किडनीविकार असलेल्या बहुतेकांवर डायलिसिसची वेळ येण्याआधी हृदयविकाराची येते. किडनी अधू झाली की हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्याही धोक्यात येतात, आणि तिथे व्यायामाचा फायदा घसघशीत आहे. काकूला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे किडनीच्या नावानं हृदयाची सोय.” इतकं नेमकं मला सुचलं नसतं.

पण व्यायामानंच क्रिएटिनिन वाढतं ना?

वाढतं. किडनी न बिघडता वाढतं. जोरदार व्यायामानंतर दिवस-दोन दिवस स्नायूंचा कचरा जास्त निघतो. आदल्या रात्री भरपूर मटण-चिकन झालं असेल तर शिजलेल्या मांसातूनही भर पडते. क्रिएटिन नावाची पावडर घेतली तर आणखी. पुतण्यानं तिन्ही केलं होतं. डॉक्टरांनी तीन दिवस जिम बंद, पावडर बंद करून फेरतपासणी सांगितली. सोबत एसीआर आणि सिस्टाटिन-सी. तिन्ही आकडे स्वच्छ. बॅग माळ्यावरून खाली आली, पावडरचा डबा मात्र आईनं परत दिला नाही.

व्यायामाच्या जोरात लघवीतलं प्रथिनही तात्पुरतं वाढतं. दमछाक होते तेव्हा शरीर रक्त स्नायूंकडे वळवतं आणि किडनीचा पुरवठा आखडतं. जिवाच्या आकांतानं धावताना तो नेहमीच्या चौथाईवरही येतो. लग्नघरात मांडवासाठी नळ सुरू ठेवतात तेव्हा बागेच्या नळाला धार राहत नाही, तसं. थांबलं की सगळं पूर्ववत होतं. म्हणून लघवी-रक्त तपासायच्या आदल्या दिवशी अंगमोड व्यायाम करू नये. मॅरेथॉन रविवारी आणि पॅकेज सोमवारी, असा बेत करणारे लोक मी पाहिले आहेत.

खरा धोका दोन ठिकाणी आहे.

पहिला: सवय नसताना एकदम अघोरी व्यायाम. जानेवारीत जिमची फी भरायची आणि पहिल्याच दिवशी ट्रेनरच्या आग्रहानं दोनशे बैठका. स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यांतलं मायोग्लोबिन हे तांबडं प्रथिन रक्तात उतरतं. ते किडनीच्या नळ्या तुंबवतं आणि जाळतंही. १९४१ साली लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसं काही दिवसांनी किडनी बंद पडून जात होती. बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी त्यांचं वर्णन केलं. चेंगरलेले स्नायू हेच मूळ होतं. जिममध्ये घडतं ते त्याचंच धाकटं भावंड. स्नायू टणक सुजून असह्य दुखणं आणि काळ्या चहासारखी लघवी दिसली तर लिंबूपाणी पीत बसू नये, थेट हॉस्पिटल गाठावं. हा प्रकार क्वचित होतो, आणि जो पायरीपायरीनं वाढवतो त्याच्या वाट्याला सहसा येत नाही.

दुसरा धोका जास्त साधा आणि म्हणून जास्त माणसं गाठणारा: वेदनाशामक गोळी. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक. अंगातलं पाणी घटतं तेव्हा किडनी आपल्याकडे येणारी रक्तवाहिनी एका द्रव्याच्या जोरावर उघडी धरून ठेवते. या गोळ्या दुखणं थांबवतात ते नेमकं तेच द्रव्य बंद पाडून. घाम निथळतोय, त्यात बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, आणि वरून दुखणं मारायची गोळी. आळंदीहून पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. वारीची तयारी करताना पिशवीत डायक्लोफेनॅकची पट्टी टाकणाऱ्या, बीपी-शुगर असलेल्या प्रत्येकानं निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं. चालायला बंदी नाही; गोळी बदलून मिळते.

दहा हजार पावलं मोजायची का?

दहा हजार हा आकडा शास्त्रातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचा मापक’ अशा अर्थाचं होतं. नाव खपलं, आकडा उरला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. किडनीविकार असलेल्यांसाठीच्या २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही निदान १५० मिनिटंच आहेत, आणि तेवढं झेपत नसेल तर झेपेल तितकं.

मध्यम श्रम म्हणजे चालताना बोलता येईल, पण गाता येणार नाही. मनगटावरच्या घड्याळापेक्षा ही परीक्षा बरी, कारण बीपीच्या काही गोळ्या नाडी मुद्दाम धीमी ठेवतात. काकूची तेव्हाची गोळी तशीच होती. ती पळाली असती तरी तिचं घड्याळ ‘आराम’ म्हणालं असतं.

“दिवसभर घरात राबते, आणखी कसला व्यायाम?” हा प्रश्न बायका हक्कानं विचारतात. लादी हातानं पुसणं, जिन्यावरून पाणी आणणं, बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन येणं, हे सगळं हिशेबात धरायचं. दम लागला की शरीर त्याला कामच समजतं. ओट्यापाशी तासभर उभं राहून पोळ्या लाटणं मात्र थकवतं खूप आणि हृदयाची गती वाढवत नाही. थकवा आणि व्यायाम या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बैठ्या नोकरीवाल्यांची अडचण निराळी: सकाळी चाळीस मिनिटं चालून उरलेले दहा तास खुर्चीत. त्यांनी अर्ध्या-पाऊण तासानं उठून दोन मिनिटं फिरावं, निदान पाण्याची बाटली मुद्दाम लहान ठेवावी.

आणि ताकदीचा व्यायाम. काकूला मी यावरच जास्त टोकलं. हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, दहा वेळा. पहिल्या दिवशी तीन झाले. जिच्या अंगावर स्नायू नाहीत तिची साखर ठेवायची कोठारंही कमी, पडल्यावर हाड मोडायची भीती जास्त. काकूचा एसीआर नंतर करून घेतला, तो ३० च्या वर निघाला. तिची बीपीची गोळी बदलली, लोणची-पापड कमी झाले, आणि संध्याकाळी देवळापर्यंत चालणं सुरू झालं. देऊळ जवळचं सोडून लांबचं निवडलंय, एवढीच माझी कारवाई.

किडनीच्या पेशंटनं आराम करायचा असतो ना?

नातेवाईक हेच सांगतात. रिपोर्ट आला की खाट, उशी आणि शहाळं. शहाळ्याचं तर असं की किडनी बरीच बिघडलेली असेल तर त्यातलं पोटॅशियम घातक ठरू शकतं. “पाणी भरपूर पी, किडनी धुऊन निघेल” हाही असाच सल्ला. कॅनडात किडनीविकाराच्या सहाशेहून जास्त रुग्णांवर चाचणी झाली, २०१८ मध्ये निकाल आला: वर्षभर जादा पाणी प्यायल्यानं घसरण थांबली नाही.

आरामाचा तोटा मात्र सरळ आहे. किडनी बिघडली की रक्तात आम्ल साचतं, भूक मरते, स्नायू झिजू लागतात. त्यात खाट धरली की झीज दुप्पट. काही महिन्यांत माणूस संडासपर्यंत जायला आधार शोधतो, आणि घरचे म्हणतात किडनीनं खाल्लं. अर्धं खाटेनं खाल्लेलं असतं.

डायलिसिसवरचे लोक आठवड्यातून तीनदा चार-चार तास खिळलेले असतात. काही केंद्रांत त्या वेळातच पायाशी पेडल लावून सायकल मारायला देतात, पहिल्या दोन तासांत, कारण पुढे बीपी उतरू लागतो. हातात फिस्टुला केला असेल, म्हणजे सुईसाठी धमनी शिरेला जोडलेली असेल, तर डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून मऊ चेंडू दाबायचा व्यायाम देतात. त्याच हातानं सिलिंडर मात्र उचलायचा नाही. पायावर सूज चढतेय, छातीत दुखतंय, झोपल्यावर दम लागतोय, अशा दिवसांत व्यायाम थांबवून आधी डॉक्टर.

आणि ज्यांना नवी किडनी मिळाली? प्रत्यारोपण झालेल्यांच्या जागतिक क्रीडास्पर्धा १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला सुरू झाल्या, आजही भरतात. तिथे लोक शंभर मीटर धावतात, पोहतात, बॅडमिंटन खेळतात.

मग शेतात राबणाऱ्यांच्या किडन्या का जातात?

सगळ्यात अवघड आक्षेप हा. हालचाल एवढी गुणकारी असेल तर दिवसभर राबणाऱ्याची किडनी सोन्यासारखी असायला हवी.

मध्य अमेरिकेत एल साल्वाडोर आणि निकाराग्वा इथल्या ऊसतोड कामगारांत किडनी निकामी होण्याची जणू साथच दिसली. २००२ पासून ती वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली जाऊ लागली. तरुण पुरुष, मधुमेह नाही, बीपी नाही, तरी किडनी गेलेली. आपल्याकडे आंध्रच्या श्रीकाकुलम जिल्ह्यात उद्दानम नावाचा किनारपट्टा आहे, नारळ-काजूच्या बागांचा. तिथेही शेतकऱ्या-मजुरांत असाच आजार. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात भातशेतीवाल्यांत. कारणांवर वाद चालू आहे. कीटकनाशकं, पाण्यातली द्रव्यं, धूळ, सगळ्यांवर संशय आहे, आणि ठिकाणानुसार उत्तर निराळं असू शकतं. मध्य अमेरिकेत उष्णतेवरचा संशय सर्वांत बळकट आहे.

लग्नघरातला बागेचा नळ पुन्हा आठवा. संध्याकाळी पाऊण तास चालताना किडनीचा पुरवठा थोडा आखडतो, घरी आल्यावर सुटतो. भर उन्हात आठ-दहा तास तोडणी केली की रक्त एकीकडे स्नायूंना हवं, दुसरीकडे अंग थंड ठेवायला कातडीला हवं, आणि घामातून तासाला लिटरभर पाणी चाललेलं. नळ दिवसभर आखडलेलाच राहतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पूर्ण हंगाम. इथे मार पडतो तो ड्रिपरवर, म्हणजे गुंत्यांवर नव्हे, नेफ्रॉनच्या नळ्यांवर. म्हणून लघवीत प्रथिनही फारसं दिसत नाही आणि आजार उशिरा कळतो. व्यायामात माणूस दम लागला की थांबतो. मजुरीत थांबायचं कधी हे दुसरा ठरवतो.

मध्य अमेरिकेतल्या काही साखर कारखान्यांनी ‘पाणी, विश्रांती, सावली’ असा क्रम लावला: ठरावीक वेळानं सक्तीची विश्रांती, फिरता मांडव, पाठीवर पाण्याची पिशवी. विश्रांती खरोखर वाढवली तिथे हंगामात किडनीला इजा होणाऱ्यांची संख्या घटली. काम तेच, कोयताही तोच.

आपल्या ऊसतोडीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, पहाटे अंधारात फडात शिरायची रीत आहे, म्हणून निकाराग्वाचं चित्र जसंच्या तसं इथे उचलून लावता येणार नाही. पण फेब्रुवारी-मार्च उलटला की फडातली दुपार काय असते ते बीडच्या कुठल्याही तांड्यावर विचारावं. बायका तर पाणी मुद्दाम कमी पितात, कारण फडात आडोसा नसतो. मजुरी टनावर असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यानं हंगामाआधीच उचल घेतलेली. वीस मिनिटं सावलीत बसलं तर तेवढ्या मोळ्या कमी बांधल्या जातात. ताप आला म्हणून एक दिवस झोपडीत पडून राहिलं, तर मुकादमाच्या वहीत तो दिवस ‘खाडा’ म्हणून लागतो आणि त्याचे पैसे कापले जातात.